दोनशे बारावं पान

“एकच, काका,” ग्रंथपाल बाई म्हणाल्या. “वाचनालय हलतंय, मागचं कपाट मोडीत जातंय. नव्या जागेत एका पुस्तकापुरती फट आहे, तीसुद्धा मी भांडून मिळवलीय. बाकीची सगळी लगदा व्हायला जाणार.”

टेबलावर पाच कादंबऱ्या होत्या. वर्षभरात त्या कपाटातल्या त्रेचाळीस वाचून काकांनी या पाच बाजूला काढल्या होत्या. निवड त्यांच्यावर आली होती, कारण त्या कपाटाला दुसरं कुणी हातच लावत नसे.

काकांनी चाळीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली होती. शेकडो कादंबऱ्या नजरेखालून गेल्या, पण वाचली एकही नव्हती. त्यांची पद्धतच तशी होती. शेवटचं मुद्रित ते उलटं वाचत, पानाच्या शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे. सरळ वाचलं की अर्थ लागतो, अर्थ लागला की माणूस गोष्टीत शिरतो, आणि गोष्टीत शिरलेल्याला चुकलेली वेलांटी दिसत नाही. निवृत्तीनंतर बायको म्हणाली, “आता तरी माणसासारखं सरळ वाचा.” तेव्हा कुठे हे वर्ष सुरू झालं. पहिले काही आठवडे नजर सवयीने ओळीच्या शेवटाकडेच धावायची.

पण काय वर्ष गेलं! लाँड्री चालवणाऱ्या, एकमेकींशी अबोला धरलेल्या दोन बहिणींची गोष्ट त्यांनी दवाखान्याच्या बाकावर वाचली. नंबर लागला तेव्हा बायको एकटीच आत गेली. काका दोन पानांनंतर धावत पोचले. ऐकू येईनासं झालेल्या वाद्यदुरुस्ती करणाऱ्याची गोष्ट गॅलरीत वाचली, आणि दोरीवरचे वाळलेले कपडे दवाने पुन्हा ओले झाले. तिसरीच्या पायी दूध दोनदा उतू गेलं. चौथी त्यांनी बायकोला मोठ्याने वाचून दाखवली. ती निम्म्यात झोपली, पण सकाळी उठल्या उठल्या विचारलं, “मग पुढे त्या बाईचं काय झालं?”

पाचवी निळ्या कापडी बांधणीची. घरातून रागावून गेलेल्या मुलीची रोज संध्याकाळी बसथांब्यावर वाट पाहणाऱ्या बापाची. वर्षभर ती कपाटात दिसायची आणि वर्षभर ते तिच्या शेजारचं पुस्तक उचलायचे. अखेर गेल्या आठवड्यात हात घातला. पाचांत तिच्या पासंगालाही कुणी पुरत नव्हतं, यात शंका नव्हती.

आणि नेमकी तीच त्यांना नको होती.

एकतीस वर्षांपूर्वी तिची मुद्रितं त्यांनीच तपासली होती. दोनशे बाराव्या पानावर एक वाक्य होतं : ‘म्हाताऱ्या बापाचे डोळे वाटेकडे लागले होते.’ खिळे जुळवणाऱ्याच्या हातून ‘डोळे’चं ‘डोहाळे’ झालं, आणि ते काकांच्या नजरेतून निसटलं. पुस्तक बांधून आल्यावर मालकांनी सगळ्यांसमोर पान नाचवत विचारलं, “म्हाताऱ्याला कितवा महिना म्हणायचा?” डुलकी लागली असेल, असं काका कसंबसं पुटपुटले. प्रत्येक प्रतीत त्याच पानावर शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवावी लागली. त्या दिवसापासून छापखान्यात त्यांचं नाव पडलं ‘डोहाळे’. पुढे नव्याने लागलेली माणसं ते आडनाव समजून अदबीने म्हणत, “डोहाळेसाहेब, जरा हे बघता का?” आणि ते निमूटपणे बघत.

त्यांच्या माहितीत ही शेवटची प्रत होती. नुसतं गप्प बसायचं होतं. तिच्याबरोबर ते पानही लगद्यात गेलं असतं.

काकांनी लाँड्रीवाल्या बहिणींना बाईंकडे सरकवलं. “ही ठेवा.”

“ही?” बाई बघतच राहिल्या. “मग आठवडाभर त्या निळीचं गुणगान कोण गात होतं? तिच्या नादात परवा घरचा रस्ता चुकलात ना?”

“छे, ती काही... लोकांना आवडायची नाही.”

“बघू तरी,” म्हणत बाईंनी निळी उचलली. चिठ्ठी कधीच गळून पडली होती, पण वाळलेल्या डिंकाने पान ताठ झालेलं. पुस्तक बरोबर तिथेच उघडलं. बाई वाचू लागल्या, थबकल्या, आणि चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसल्या.

“बापाचे डोहाळे! अहो काका, हा तपासणारा झोपला होता की काय?”

काका टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, “मीच तो.”

बाईंचं हसू जागच्या जागी विरलं. त्यांनी जीभ चावली. मग टेबलावरची पेन्सिल हळूच पुढे केली.

“पुस्तकात लिहायला मनाई आहे. पण मी काही पाहिलं नाही. सुधारून टाका, मग हीच ठेवू.”

काकांनी पेन्सिल घेतली. चाळीस वर्षांच्या सवयीने टोक आपोआप ‘हा’वर जाऊन टेकलं. एक तिरकी रेघ, की संपलं. त्यांनी ओळ वाचली. मग खालची. तिच्या खालची. पानाच्या तळाशी बस थांबत होती आणि कुणीतरी पायरीवर पाय ठेवत होतं.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

“हीच ठेवा. पण ते तसंच राहू दे, बाई,” ते म्हणाले. “मालकांना मी डुलकीचं सांगितलं, ते खोटं होतं. ती पोरगी परत येते की नाही, एवढंच बघायचं होतं मला. चाळीस वर्षांत त्या एकाच पानावर मी सरळ वाचत होतो.”