मागचे चेहरे

मोहाची फुलं वेचायच्या या हंगामात कोणी वाघाच्या तोंडी गेलं नाही, तर नूतनचा मोठा फायदा होता. तिचे मुखवटे तालुक्यात गावोगावी जाणार होते आणि त्यांच्यावरचं चित्रपुस्तक शाळाशाळांत. सोमारीचा फायदा त्या मानाने किरकोळ. ती जिवंत घरी येणार होती.

भद्रावतीच्या कॉलनीत वाढलेली नूतन मुलांसाठी गोष्टी लिहायची आणि चित्रंही स्वतःच काढायची. पहिल्या पुस्तकात तिने टक्क उघड्या डोळ्यांची माणसं काढली. मुलं भ्याली, पुस्तकं गोदामात पडून राहिली. तेव्हापासून तिची माणसं, अस्वलं, बेडूक, सगळे डोळे मिटून हसतात. दोन उलट्या चंद्रकोरी की झाले डोळे. आता मुलं मुखपृष्ठावरचं नाव वाचायच्या आधी ते डोळे ओळखतात. ज्या हाताला यश आलं तो हात कोण बदलतो?

चिमूरकडच्या या गावात सोमारीची जाऊ गेल्या साली मोह वेचता वेचता गेली. वाघ मागून येतो, वाकलेली पाठ बघून. डोक्यामागे चेहरा बांधला की त्याला वाटतं, बाई आपल्याकडेच बघतेय. मग तो धजत नाही. युक्ती वनखात्याच्या साहेबांची, मुखवटे नूतनचे.

वाटप संध्याकाळी झालं. सोमारीने मुखवटा बांधला आणि सगळ्यांकडे पाठ करून उभी राहिली.

"कशी दिसतो वो बाई?"

"पुढून दिसता त्याहून बऱ्या," नूतन म्हणाली.

"मंग आमच्या बुढ्याले सांगतो, आता मागूनच पाहत जाय मले."

बाया हसल्या. तिचा नवरा दसरू हसला नाही. "सालभर हे दर घडीले मागं पाह्यते, बाई. आता पाहाचं काम नाई ना?"

"नाही," नूतन म्हणाली. "आता बिनघोर वाका."

पहाटे बाया निघून गेल्या. नूतन दसरूच्या पडवीत चित्र काढायला बसली. ज्याची गोष्ट, त्याच्या नजरेच्या उंचीवरून पान मांडायचं, ही तिची पद्धत. हे पान वाघाचं होतं. गवताची पाती, पलीकडे वाकलेली बाई, तिच्या डोक्यामागचा चेहरा. तिने त्यावर दोन चंद्रकोरी काढल्या आणि ब्रश तिथेच थांबला.

वाघाकडे कोणीच बघत नव्हतं. चेहरा झोपला होता, काल वाटलेल्या प्रत्येक मुखवट्यासारखाच.

आणि बाया आता मागे वळूनही पाहणार नव्हत्या.

काळ्या रंगाची डबी आणि ब्रश घेऊन ती धावत सुटली. जंगलाच्या तोंडाशी वनरक्षक अंकुशने तिला अडवलं.

"म्याडम, एकल्या कुठी?"

"बायांकडे. थोडं काम राहिलंय."

काय काम, ते तिने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुपारच्या आत साहेबांच्या कानावर गेलं असतं, आणि मुखवटे तिथेच संपले असते.

"मुखवट्याबिगर नाई सोडत मी. नेम हाय." त्याने उरलेल्यांतला एक काढला आणि तिच्या डोक्यामागे पक्की गाठ मारली. नूतनचं लक्ष झाडांत होतं. गाठ बसताच ती निघाली.

मोहाखालचा पाला जाळून जमीन काळी केलेली, तिच्यावर पिवळी फुलं. कुठेतरी वानर खकरलं, वाघ दिसला की ओरडतात तसं. मग सगळं गप्प झालं. सोमारी एका झाडाखाली वाकलेली होती आणि मागचा चेहरा गोड हसत झोपला होता. तिच्या पाठीमागे, हाताच्या अंतरावर, गवत हललं.

नूतन पुढे धावली. गवतातून रानकोंबडी फडफडत उडाली.

"तुम्ही काऊन आल्या, बाई?"

"रंग द्यायचा राहिला होता. हलू नका."

तिने चंद्रकोरींवर मोठे वाटोळे डोळे रंगवले, आत काळी बुबुळं. मग दुसरीच्या मुखवट्यावर. मग तिसरीच्या. कारण एकीलाही सांगितलं नाही. बाया वेचत राहिल्या, ती त्यांच्या मागे मागे फिरत राहिली. दर वेळी वाटायचं, आत्ता.

झालं काहीच नाही. शेवटच्या बाईचे डोळे उघडले तेव्हा ऊन वर आलं होतं. सोमारीने शेजारणीचा मुखवटा पाहिला आणि छातीवर हात ठेवला.

"अवो माय! हे कशी वटारून पाह्यते! कालची बरी होती न."

"राहू द्या अशीच," नूतन हसून म्हणाली. कित्येक वर्षांनी तिने उघडे डोळे काढले होते आणि ते छान जमले होते. कोणाचं काही गेलं नव्हतं. साहेबांना काही कळणार नव्हतं.

रंग सुकला की ब्रश वाया जातो. ती ब्रश धुवायला नाल्याकडे निघाली.

सोमारी तिच्या पाठीकडे बघत राहिली. एवढ्या सगळ्यांत बाईंचाच चेहरा तेवढा कालच्यासारखा राहिला होता, डोळे मिटून हसणारा. बाईंनी चांगला तो स्वतःसाठी ठेवला, असं मनात म्हणत ती पुन्हा वाकली.

हंगाम संपल्यावर साहेबांनी वर कळवलं, आणि ते खोटं नव्हतं: मोह वेचणारी एकही बाई वाघाने नेली नाही. नेली ती नाल्यावर बसली होती.