सातव्या बाईंची मुलाखत

"डाव्या बाजूक गाठ असा," टेपवरची बाई म्हणाली आणि गौरवीची बोटं कीबोर्डवर जागच्या जागी थांबली.

आवाज आईचा होता.

तिने रेकॉर्डिंग मागे नेलं, पुन्हा ऐकलं. पाठीमागे धारगळच्या हायवेवरचे ट्रक, मध्येच कोंबड्यांना केलेलं शुकशुक. शंकेला जागाच नव्हती. फाईलवर मात्र नाव नव्हतं. 'सहभागी सात' एवढंच.

बायका दुखणं अंगावर का काढतात, दवाखान्यात इतक्या उशिरा का जातात, हा गौरवीच्या वर्गाचा अभ्यासाचा विषय. आरोग्याच्या अभ्यासात नुसते आकडे न मांडता माणसाचं बोलणं कसं ऐकून घ्यावं, हे डिचोलीच्या त्या वर्गात शिकवत होते. मुलाखतीला कुणालाही स्वतःच्या गावी पाठवायचं नाही, हा नियम वर्ग घेणाऱ्या वत्सला मॅडमनी कटाक्षाने पाळला होता. म्हणून गौरवी सुर्ल्याला गेली आणि तिच्या धारगळला वर्गातली तेजस्विनी. पण गौरवीचं मराठी टायपिंग झरझर, तेव्हा सगळ्यांच्या टेपा ऐकून लिहून काढायचं काम तिच्याच गळ्यात पडलं. त्या वेळी तो नियम कुणाच्या डोक्यातच आला नाही.

लिहिताना एकही शब्द गाळायचा नाही. थांबणं, खोकणं, हुंदका, सगळं जसंच्या तसं उतरवायचं. आणि आवाज ओळखीचा निघाला तर टेप तिथेच बंद करून मॅडमना कळवायचं. हा दुसरा नियम गौरवीने मोडला. ती ऐकत राहिली.

"घरात कुणाला सांगितलंत?" टेपवर तेजस्विनीने विचारलं.

"कोणाक सांगू? माझां चेडू ह्याच शिकता. पण तेका कायव सांगूक गेल्यार माका अर्ध्यार तोडता आणि आपलांच सुरू करता."

आईचं चेडू म्हणजे गौरवीच. तिला ते फार लागलं, कारण ते खरं होतं. कुणी डोकं दुखतंय म्हणायचा अवकाश, की ही चष्म्यापासून पित्तापर्यंत सगळं ऐकवून मोकळी. सुर्ल्याची तिची मुलाखत वाचून मॅडम म्हणाल्या होत्या, "यात त्या बाई कमी आणि तूच जास्त बोलली आहेस." तेव्हा ती हसली होती. आता रडू आवरेना. तशीच ती मॅडमच्या खोलीत गेली आणि सगळं सांगून टाकलं.

मॅडमनी आधी फाईल तिच्याकडून काढून घेतली. मग विचारलं, "तेजस्विनीने त्यांना लगेच तपासून घ्यायला सांगितलं होतं. त्या गेल्या?"

"नाही. गेली असती तर घरात कळलं असतं."

"हे बघ, त्या विश्वासाने बोलल्यात. टेपमधलं अवाक्षर तू घरात काढायचं नाहीस. त्यांनी आपणहून सांगायला हवं."

"आणि नाही सांगितलं तर? गाठ थांबणार आहे का मॅडम?"

"नाही थांबणार. म्हणून तर उद्या सकाळी मी स्वतः धारगळला जाऊन त्यांना भेटणार आहे. पण आज तू विचारून बघ. सांगायला जाऊ नकोस, विचार. आणि मग गप्प बस."

गप्प बस! गौरवीला याहून अवघड काम कुणी सांगू शकलं नसतं.

ती घरी पोचली तेव्हा आई स्वयंपाकघरात विळीवर तिसऱ्यांचे शिंपले उघडत बसली होती. गौरवी समोर पाट ओढून बसली. आईच्या डाव्या बाजूकडे नजर जाऊ नये म्हणून ती विळीच्या पात्याकडे बघत राहिली. गाठ आहे ना, दुखते का, कधीपासून, सगळे प्रश्न जिभेवर येऊन उभे होते. तिने ते गिळले.

"आये, हल्ली तुझां कसां चललां हा, ता माका सांग."

"कसां चलतलां? बरां असा."

एरवी इथे गौरवीची गाडी सुटली असती. आज ती बोलली नाही. आईने एक शिंपली उघडली. दुसरी उघडली. आईने वर पाहिलं.

"भूक लागली नाय तुका?"

गौरवीने फक्त मान हलवली. आई आता उठेल, चुलीकडे जाईल आणि सगळं राहून जाईल, अशी भीती तिला वाटली. तरी ती गप्प राहिली. तिसऱ्या संपल्या. आईने विळी आडवी केली, हात धुतले आणि परत जागेवर येऊन बसली.

मग ती बोलू लागली. गाठ कधी हाताला लागली, कशी वाढली, सगळं. मावशीची गाठ कापून काही उपयोग झाला नाही, तसंच आपलं होणार, हे आठवून रात्र रात्र डोळा कसा लागत नाही, तेही. गौरवीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिने मध्ये एक शब्द घातला नाही. आई पुरती बोलून थांबली, तेव्हाच तिने तोंड उघडलं.

"उद्या दवाखान्यात जावया, आये. मी येतंय तुझ्या वांगडा."

"जावया," आई लगेच म्हणाली. जणू एवढ्यासाठीच अडलं होतं. मग तिने हळूच विचारलं, "टेप शेवटापर्यंत आयकलंस मा?"

गौरवी पाटावरून उठली. "खंयची टेप?"

"नाटका करू नको. सगळ्यो टेपी तूच लिवतंस, तूच सांगलंस माका. घरात तू माका अर्ध्यार तोडतंस. थंय टेपीत माझां एक अक्षर सोडूक तुका गावचां नाय, सगळां आयकूकच लागतलां, म्हणान तर बसलंय मी त्या चेडवाच्या फुड्यात."