तोंडालाच जास्त लागतं

मंचरच्या पत्रिकेच्या दुकानात भर दुपारी लाईट गेली आणि यूपीएस टिटवीसारखा कोकलायला लागला. हनुमंताच्या लेकीच्या लग्नपत्रिकेत थोरल्या भावाचंच नाव टाकायचं राहिलं होतं, आणि ते थोरले भाऊ, सावळारामनाना, पिशवी काखेत मारून शेजारी उभे होते.

"कागदावर नाव दाव, न्हाईतर मी निघालो गावाकडं, अवसरीला. लग्नाला येत बी न्हाई अन् कुनाला येऊ बी देत न्हाई."

नाना रुसले की अर्धं गाव रुसतं आणि गावातली म्हसरं दूध चोरतात, हे हनुमंताला अनुभवानं ठाऊक होतं.

"वैष्णवीताई, कायतरी करा."

"यूपीएसवर किती जण जेवायला बसलेत बघा की," दुकानातली वैष्णवी म्हणाली. "प्रिंटर फक्त छापताना खातो. कॉम्प्युटरचं डोकं ह्या खोक्यात, त्यालाही बेतानंच लागतं. सगळ्यांत खादाड हा मॉनिटर. त्याला पंगतीतून उठवला तर एक कागद निघेल."

तिनं भावांच्या नावांच्या ओळीत, पार तळाला, जागा केली आणि मॉनिटर बंद केला.

"म्हंजे डोक्यापरीस तोंडालाच जास्त लागतं," हनुमंत पुटपुटला.

"कुनाला म्हनतो रं?" नानांनी टेबलावर कोपर आपटला. कोपराखाली माउस सरकला, दोनदा टकटकला. पण सगळ्यांचे कान यूपीएसकडे होते.

काळ्या काचेकडे बघत वैष्णवीनं नाव टाइप केलं. प्रिंटर कण्हत कण्हत जेवला. कागद बाहेर पडला आणि यूपीएसनं मान टाकली.

हनुमंतानं तळाची ओळ पाहिली. नाव नव्हतं. मग त्याची नजर वर गेली. अगदी माथ्यावर, कुळाच्या खंडोबाच्या जागी, ठळक अक्षरांत छापलं होतं :

॥ श्री सावळाराम प्रसन्न ॥

नानांनी कागद हिसकला, दारातल्या उन्हात नेला आणि दोनदा वाचला. मिशी हलली. पिशवी काखेतून खाली आली.

"देवाला घ्या तळाला," नाना म्हणाले. "त्यो रुसत न्हाई."