शिळी खळ

कवडूने मडक्यावरचं फडकं उचललं. फडकं ओलं होतं. खळ मात्र कडेने तडकली होती, मधे साय धरली होती आणि आंबट वास मारत होती. कालच शिजवलेली चिंचोक्यांची खळ.

"हीपण गेली," तो म्हणाला.

ओट्यावर केळझरचा तानबा बसला होता. त्याच्या पोरीचं लग्न परवावर आलं होतं आणि नवरदेवाचं बाशिंग अजून कागदाच्या पट्ट्यांतच पडलं होतं.

"काय बोलून राह्यले, कवडूभाऊ? तुमची खळ तं आठ दिवस टिकते. भर बाजारात तुमीच सांगतलं होतं मले."

सांगितलं होतं. सिंदीच्या बाजारात बाशिंगं विकायला बसला की कवडू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. चिंचोके भाजून उखळात स्वतः कुटायचे. बाजाराच्या दिवशी मडकंभर खळ शिजवायची. मडकं रांजणाच्या बुडाशी ओल्या वाळूत ठेवायचं, त्यात कडुलिंबाचा पाला, वर ओलं फडकं. मग भर वैशाखातही पुढच्या बाजारापर्यंत बघायला नको. उलट दुसऱ्या दिवशी ती जास्तच मऊ लागते. "मुरते ते," तो मिशीवरून हात फिरवत म्हणायचा.

माघात त्याची बायको कौशल्या गेली. घर मुकं झालं. पहाटे जात्याची घरघर ऐकू येईना. ती दळायला बसली की तो खाटेवर कूस बदलून म्हणायचा, "काऊन वं, ज्वारी पळून चालली काय?" ती हसायची आणि दळत राहायची. आता तो पहाटे जागा होऊन नुसता पडून राही.

तेव्हापासून खळही टिकेना. वाळू तीच, पाला तोच, फडकंही तेच. पण ती एक रात्र काढत नव्हती. मागच्या आठवड्यात पवनारच्या लग्नात बाशिंगावरचा चंद्र ऐन अंतरपाटासमोर गळून पडला. मांडवाबाहेर बायका बोलल्या. ज्याचा जोडा फुटला त्याच्या हातचं बाशिंग घेऊच नये म्हणाल्या. कवडूने ते ऐकलं. त्याला राग आला नाही. त्याला ते खरं वाटलं.

"दुसरीकडे पाहा, तानबा. माह्या हाताचं आता काई चिकटत नाई. तुमी आणलेला हा बेगडही घेऊन जा. मी धंदा सोडला."

तेवढ्यात शेजारची जिजाबाई काठ फाटलेलं टोपलं घेऊन आली.

"कवडूभाऊ, शिळी खळ फेकू नका. टोपलं लिपायले पाह्यजे मले."

गल्लीत घरोघरी असली टोपली होती, कवडूच्या कागदी कातरणांच्या लगद्याने लिपलेली. ते लिपणं कौशल्यानेच शिकवलं होतं.

"शिळी कुठची?" कवडू म्हणाला. "ती होती तवा आमच्या घरी खळ शिळी होतच नव्हती."

जिजाबाई हसली. "तं मंग रोज सकाळी गंजभर खळ मले कोन देत होतं? तुमी?"

मग तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचं हसू गेलं.

"तुमाले माईतच नाई?"

"काय?"

"अवो, रातभरात विटे ते. बिचारी पहाटे उठून चिंचोके दळे, नवी शिजवे, अन् मडक्यात होती तेवढीच भरून ठेवे. तुमी उठाच्या आधी."

"मले काऊन नाई सांगतलं तिनं?"

"कसं सांगन? तुमी बाजारात छाती ठोकून सांगत होते ना."

कवडू उठला. जातं कोपऱ्यात होतं. माघापासून त्याला कोणी हात लावला नव्हता. त्याने वरचा दगड उचलून भिंतीला टेकवला. खाली ज्वारीचं पांढरं पीठ नव्हतं. तांबूस होतं, मऊ, जेमतेम मूठभर.

त्याने ते हाताने गोळा केलं, फटींतलंही टिपून घेतलं. चूल पेटवली आणि शिजवलं. तानबाला त्याने थांब म्हटलं नाही, जाही म्हटलं नाही. तानबा थांबला.

दुपारी बाशिंग तयार झालं. तानबाने चंद्र धरून ओढून पाहिला. तो हलला नाही.

"पाहा, चिकटला ना! तुमचाच हात हाये हा."

"माहा नाई," कवडू म्हणाला.

तानबा बाशिंग घेऊन गेला. वाटीत बोटभर खळ उरली होती. सकाळी ती विटलेली असणार, हे आता त्याला माहीत होतं. कवडूने फडकं ओलं केलं, नीट पिळलं आणि वाटीवर घातलं.