तुमचंच बरोबर

वैद्यबुवांच्या मते दाढदुखी म्हणजे दाढेतला किडा. ग्रंथात त्याला नावच आहे, कृमिदंत. डेंटिस्ट मुलीच्या मते असा किडा कुठल्याच एक्स-रेत दिसलेला नाही. या वादापायी बापलेकीची कित्येक जेवणं गार झाली होती. आज गाल सुजल्यामुळे ते नाइलाजाने तिच्या खुर्चीत बसले. "काढ तुझा फोटो. किडा दिसला की दवाखान्यात टांगून ठेव." फोटो पडद्यावर उमटला. दाढ ठणठणीत होती. जबड्याचं हाड मात्र कुरतडल्यासारखं दिसत होतं, कॅन्सरमध्ये दिसतं तसं. तिने चित्र मोठं केलं, लहान केलं, पुन्हा मोठं केलं. "अगं, बोल की! सापडला का?" "सापडला," ती पडद्याकडेच बघत म्हणाली. "बाबा, तुमचंच बरोबर होतं." वैद्यबुवा उठून बसले. "तू माझं मान्य केलंस? मग आईलाही आत बोलाव. काय असेल ते दोघांना एकदमच सांग."