एकोणीस

"सर, मुलगी सोळा-सतराचीच आहे. मांडीच्या हाडाचं टोक अजून जुळलेलं नाही!" वैदर्भी हरखून म्हणाली. विहिरीत सापडलेल्या एका विवाहितेचं वय तिने हाडांवरून पहिल्यांदाच काढलं होतं.

देवस्थळी सरांनी पाठ थोपटली. त्यांच्याच नादाने ती न्यायवैद्यक मानवशास्त्राकडे वळली होती. कँटीनमधल्या गप्पांत नि हाडांवरच्या हुज्जतीत विद्यापीठातली दोन वर्षं मजेत गेली होती.

ती अहवाल टाइप करू लागली, तेव्हा सर हळूच म्हणाले, "एकोणीस लिही. नवरा आमदारांचा पुतण्या आहे. बालविवाहाचं लफडं नको."

"पण सर..."

"पीएचडी माझ्याकडेच करायचीय ना?"

तिने एकोणीस लिहिलं.

बाहेर मैत्रिणी पार्टी मागायला थांबल्या होत्या. "काय निघालं वय?" एकीने विचारलं.

"एकोणीस," ती म्हणाली. आवाज जराही कापला नाही, याचीच तिला शिसारी आली.