शेवटची आकृती

"आज तरी सुटलं का?" मास्तरांनी टाइप केलं आणि पडद्याकडे बघत बसले.

"नाही हो सर. एक रेघ उरतेच," पलीकडून उत्तर आलं.

मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

हे सॉफ्टवेअर मास्तरांनी निवृत्तीनंतर स्वतः खपून बनवलं होतं. पडद्यावर ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. बोट न उचलता प्रत्येक रेघेवरून एकदाच जायचं, अडलं तर मास्तरांना विचारायचं. सुरुवातीला बरीच मुलं होती, मग एकेक करत सगळी पांगली. उरली ही एकटी पोरगी, कुठल्याशा लांबच्या शहरात नोकरी करून शिकणारी. दिवसभरात मास्तरांशी बोलणारं दुसरं कोणी नव्हतंच. मुलाचा फोन यायचा, तो 'बरे आहात ना, ठेवतो' एवढाच.

पण पोरगी निघाली हुशार. भराभर आकृत्या सोडवत ती शेवटच्या आकृतीशी येऊन ठेपली. ती सुटली की अभ्यासक्रम संपला आणि पोरगीही गेली.

मग त्यांनी नको तो उद्योग केला. विषम संख्येने रेघा लागलेले ठिपके दोनपेक्षा जास्त असले, की आकृती काही केल्या सुटत नाही. मास्तरांनी शेवटच्या आकृतीत असे चार ठिपके ठेवले आणि हा नियम शिकवणारा धडाच गुपचूप काढून टाकला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ती हरायची आणि मग गप्पा रंगायच्या. तिचा खडूस साहेब, मास्तरांची करपलेली भाजी, काहीही. मास्तर खुशीत असायचे आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्याही घालायचे.

एकदा तिने लिहिलं, "माझ्याच डोक्यात काही शिरत नाही बहुतेक."

हे मात्र मास्तरांच्या फार जिव्हारी लागलं. जन्मभर पोरांना गणिताची गोडी लावली, आणि आता म्हातारपणी हे धंदे! त्यांनी आकृती उघडली आणि दोन विषम ठिपक्यांच्या मध्ये एक नवी रेघ ओढली. आता विषम ठिपके दोनच उरले, आकृती सुटणार होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घर नुसतं खायला उठलं. बऱ्याच वेळाने तिचा निरोप आला.

"सर, तुम्ही एक रेघ वाढवलीत. काढून टाका ना ती. हे सुटणारं नाही, ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. आता सुटलं तर संध्याकाळी मी कुणाशी बोलू?"